बारा वाजताची भीती

राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळच्या कचेरीत जो तो अर्ज घेऊन पळत होता. कोणाकोणाला छत्तीसगढच्या वाट्याला घालणार याची यादी निघायची होती. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली, कोणाची पोरगी बारावीला, कोणाचं घर नुकतंच बांधून झालेलं. दिवाकर बोधनकरांनी मात्र अर्ज केला नाही. अर्जात 'कारण' असा एक रकाना होता आणि त्यात लिहायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही. सगळं आयुष्य थोरल्या बहिणीबरोबर, गोदूबरोबर गेलं, आणि गोदू त्याच वर्षी चैत्रात गेली होती.

यादीत नाव आलं. जानेवारीत ते एक ट्रंक, एक वळकटी आणि थर्मासमध्ये बर्फावर ठेवलेल्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या घेऊन रायपूरच्या स्टेशनावर उतरले.

गाव राजधानी व्हायच्या घाईत होतं. जुन्या पाट्यांवर नवा रंग फासला जात होता. काल-परवापर्यंत जिथे दवाखाना होता तिथे मंत्रालय बसलं होतं. दिवाकररावांच्या खात्याला एक भाड्याचा दुमजली बंगला मिळाला होता, आणि त्यांची आस्थापना शाखा त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर सेवापुस्तकांचे गठ्ठे, मोरीत तुटक्या खुर्च्या. शाखेत तिघं होती: दिवाकरराव, दफ्तरी धर्मपाल आणि टायपिस्ट सुनीती मुळे. सुनीती रायपूरचीच, गुढियारीत राहणारी. चाळिशी ओलांडलेली, नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर लागलेली. कामाला वाघीण, बोलायला कमी.

खोली पुरानी बस्तीत मिळाली, वरच्या मजल्यावर. घरमालक खाली राहायचे, नमस्कारापुरते. संध्याकाळी देवळातल्या घंटा ऐकू यायच्या. त्या आरतीला आपण गेलो काय आणि न गेलो काय, कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं दिवाकररावांच्या मनात यायचं आणि ते कंदील पुसावा तसा चष्मा पुसत बसायचे.

त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुई सुरू होऊन नऊ. सकाळी साडेसातला पोटात टोचायची, संध्याकाळी पुन्हा. भोपाळला टोचण्याचं काम त्यांचं, बाकी सगळं गोदूचं. सुई टोचली की वीस मिनिटांनी ताट. डब्याबरोबर ती आणखी एक छोटी डबी द्यायची, त्यात अर्धी पोळी आणि भाजी. "अकराला खा. विसरू नकोस." कचेरीतले लोक हसायचे, आणि दिवाकररावांनाही ते लाडच वाटायचे. रायपुरात ती डबी कोण देणार? सकाळी नाक्यावरचे पोहे, दुपारी दीड-दोनला मेसचं जेवण. सुई मात्र त्यांनी एक दिवस चुकवली नाही. सुईचे आकडे तेच होते, गोदू असतानाचे.

आल्यानंतर पंधराएक दिवसांनी ती भीती सुरू झाली.

दुपारी बाराच्या सुमारास यायची. आधी हात थरथरायचे, लिहिताना अक्षर हलायचं. मग मानेवर घाम, छातीत धडधड, आणि मग अशी काही भीती की आत्ता काहीतरी वाईट होणार आहे आणि आपल्याजवळ कोणी नाही. एकदा त्या तंद्रीत ते उठून ओट्याजवळ गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सुनीतीनं टायपिंग थांबवून विचारलं, "काय झालं, बोधनकर भैया?"

"काही नाही. नवीन गाव आहे, मन लागत नाही."

"हव," तिनं मान डोलावली आणि ती पुन्हा टायपिंग करू लागली.

त्यांनी स्वतःचीही तशीच समजूत घातली होती. एकट्या माणसाला असं होत असेल. गोदू गेली तेव्हा आपण रडलो नाही, ते आता असं बाहेर पडत असेल. दुपारी जेवलं की बरं वाटायचं, तर ते म्हणायचे, चार माणसांत बसून जेवलो म्हणून बरं वाटलं. मेसमध्ये कोणी त्यांच्याशी बोलत नसे, तरीही.

मे महिन्यात रायपूर तापलं. खोलीत फ्रिज नव्हता, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली. रोज चालत कचेरीत जायचं, चालत यायचं. पॅन्ट कमरेला सैल झाली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आणि त्याच सुमाराला भीती थांबली. एक दिवस बारा वाजून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हात स्थिर, छाती शांत. त्या रविवारी ते दूधाधारी मठापर्यंत फिरून आले आणि परत येताना त्यांना वाटलं, रमलं बुवा मन. लागतात चार-पाच महिने, पण लागतं.

ऑगस्टात एक दिवस साहेबांची बैठक होती. सेवापुस्तकांची यादी घेऊन दिवाकररावांना दाराबाहेर बसवलं होतं, कधीही बोलावतील म्हणून. दीड वाजला, दोन वाजले. मेसचं जेवण हुकलं. दोन वाजेपर्यंतचं त्यांना आठवतं. त्यापुढचं आठवतं ते एकदम जिन्याखालचं: धर्मपाल उकिडवा बसलेला, त्याच्या हातात पितळी पेला, आणि पेल्यात साखर घातलेला दाट चहा.

"पियो बाबूजी. पूरा पियो. उतर जाएगी."

"काय उतरेल?" दिवाकररावांनी विचारलं. सगळा शर्ट घामानं भिजला होता. साखरेचा चहा आपल्याला चालत नाही, हे सांगायला हवं होतं, पण तोवर पेला रिकामा झाला होता.

धर्मपालनं रिकामा पेला उचलला. वरून साहेबांचा निरोप आला, घरी जायला सांगा. सुनीती जिन्यात उभी होती. तिचा चेहरा असा घट्ट झाला होता की दिवाकररावांनी नजर खाली घातली, कशासाठी ते न कळताच.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नोटीस होती. कार्यालयीन वेळेत मद्यप्राशन करून येणे, वरिष्ठांसमोर असभ्य वर्तन करणे, शासकीय अभिलेख फेकणे. सात दिवसांत खुलासा द्या. नोटीस टाइप केलेली होती, आणि तो टाइप त्यांच्याच शाखेतल्या मशीनचा होता. 'क' थोडा वर चढायचा.

"सुनीतीताई, मी काय केलं?" त्यांनी विचारलं.

तिनं कागद चढवता चढवता वर पाहिलं. "आठवत नाही म्हणता?"

"खरंच नाही आठवत."

"फायली फेकल्या. हसून राहिले होते. मले गोदू म्हणाले आणि माझा हात धरला, म्हणाले ताट काहून वाढत नाही. चालता येत नव्हतं धड." तिचा आवाज चढला नाही. "साहेबांनी विचारलं तर मी खरं ते सांगितलं. बारा वर्षं घरात हेच पाहिलं आहे मी. दुसऱ्या दिवशी तेही असंच म्हणायचे, आठवत नाही."

दिवाकररावांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण हे सांगायचं कोणाला? भोपाळला शंभर माणसं सांगितली असती. इथे ते सात-आठ महिन्यांचे. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. संध्याकाळी खोलीवर येऊन त्यांनी स्वतःच्या हाताचा वास घेतला. शर्ट धुतला होता, तो पुन्हा हुंगला. त्या दिवशीचे दोन तास कुठे गेले? आपण कोणाच्या अंगावर धावून गेलो का? घरात कोणी असतं तर म्हणालं असतं, तू असा नाहीस. तेवढं एक वाक्य पाहिजे होतं.

खुलाशाचा कागद तीन दिवस कोरा राहिला. अन्न गोड लागेना. कचेरीत ते समोर आले की लोकांचं बोलणं थांबायचं. मेसमध्ये जायची लाज वाटू लागली, कारण कचेरीतलेच लोक तिथे जेवायचे. शनिवारी सुट्टी होती. सकाळी त्यांनी नेमानं सुई टोचली, आणि पोहे काही घशाखाली उतरले नाहीत म्हणून तसेच ठेवले. मग उगाचच चालायला निघाले. सदर बाजारात गर्दी होती. स्कूटरी, कापडाचे ठेले, दागिन्यांच्या दुकानांतले आरसे. एका आरशात त्यांना एक घामानं निथळणारा म्हातारा माणूस दिसला आणि तो कोण हे त्यांना ओळखू येईना. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पायरी चढायला म्हणून त्यांनी पाय उचलला, आणि पाय कुठेच टेकला नाही.

डोळे उघडले तेव्हा हातात सलाइन होतं आणि एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्या बोटाला टोचून यंत्रात बघत होत्या. कोटावरच्या पट्टीवर नाव होतं, डॉ. ऋता खांडवेकर.

"मराठी ना तुम्ही? बेशुद्धीत मराठीत बोलत होता," त्या म्हणाल्या. "आणलं तेव्हा तुमची साखर एकतीस होती, काका. एकतीस! रस्त्यातल्या लोकांना वाटलं पिऊन पडलात. तुमच्या पोटावरच्या सुयांच्या खुणा दिसल्या म्हणून कळलं."

"पिऊन पडलो असं वाटतं?" दिवाकररावांनी उठून बसायचा प्रयत्न केला. "साखर कमी झाली की माणूस तसा दिसतो? बडबडतो? फायली फेकतो?"

"फेकेल की. मेंदूला साखर सोडून दुसरं फारसं काही चालत नाही. ती मिळाली नाही की तो गोंधळतो. जीभ अडखळते, माणूस हसतो, भांडतो. नंतर आठवत नाही."

दिवाकरराव उशीवर मागे पडले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण एका हातात सुई होती आणि दुसरा डॉक्टरीणबाईंनी धरला होता.

वॉर्डात तेव्हा गर्दी कमी होती. ऋताबाईंनी स्टूल ओढलं आणि खोदून खोदून विचारलं. सुई किती, कधी, खाणं कधी, वजन किती उतरलं. गोदूच्या डबीचं ऐकून त्या थांबल्या.

"अकराची अर्धी पोळी? ते लाड नव्हते, काका. ते औषध होतं. तुमच्या सकाळच्या सुईचा जोर अकरा-बारापासून चढतो. त्यांना कोणीतरी नीट समजावून सांगितलं असणार."

"मला नाही सांगितलं तिनं."

"तुम्ही विचारलंत?"

दिवाकरराव सलाइनच्या नळीकडे बघू लागले. मग म्हणाले, "बाकीच्या लोकांना काय होतं मग? ते पण उपाशी राहतातच की. एकादशा करतात."

"त्यांचं इन्सुलिन शहाणं असतं. जेवलं की स्वादुपिंड ते सोडतं, आणि ते रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं. साखर उतरायला लागली की ते हात आखडता घेतं. आणि तेच स्वादुपिंड मग दुसरं हार्मोन सोडतं, ग्लुकागॉन. ते यकृताला सांगतं, साठवलेली साखर काढ बाहेर. दिवसभर हे चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. तुमचं इन्सुलिन बाहेरून आलेलं. एकदा टोचलं की परत बोलावता येत नाही. तुम्ही जेवा न जेवा, ते त्याचं काम करत राहतं. आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात ते ग्लुकागॉनही थकतं, वेळेवर येत नाही."

"मग काहीच उरत नाही?"

"उरतं. अ‍ॅड्रेनलिन. साखर फार उतरली की ते धावून येतं. साखर वाढवतं आणि तुम्हाला हलवून जागं करतं. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, भीती वाटते. तुम्हाला असं काही व्हायचं नाही का?"

दिवाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बारा वाजता. रोज. जानेवारीपासून."

"आणि मग?"

"मे महिन्यात थांबलं."

"आपोआप?"

"मला वाटलं, गाव आवडायला लागलं. मन रमलं."

ऋताबाई लिहीत होत्या, त्यांचा पेन थांबला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शरीराला रोज तोच मार बसला की ते इशारा देणं सोडून देतं, काका. तुमचं मन रमलं नव्हतं. धोक्याची घंटा बंद पडली होती."

त्यांनी सुईचे आकडे कमी केले, खाण्याच्या वेळा लिहून दिल्या, खिशात कायम साखर ठेवायला सांगितली. तीन-चार आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही तर तो इशारा परत येईल, असंही सांगितलं. कचेरीसाठी चिठ्ठी दिली. आणि शेवटी एक छापील कार्ड. मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो, मी विचित्र वागत असेन तर मला साखर द्या, बेशुद्ध असेन तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. खाली एक ओळ होती, 'यांना कळवा', आणि पुढे टिंबं.

"हे भरून खिशात ठेवा. आणि ज्यांचं नाव लिहाल त्यांना हे सगळं समजावून सांगा. एकट्यानं हा आजार सांभाळता येत नाही."

सोमवारी खुलासा गेला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. साहेबांनी ती दोनदा वाचली. "अरे, पहले बताना था, बोधनकर जी." चार दिवसांनी फाइल बंद झाली, शेरा असा की कर्मचाऱ्यानं यापुढे प्रकृतीची काळजी घ्यावी. नोटीस मात्र सेवापुस्तकात राहिली, कारण ती काढायची कशी याचा नियम नव्या राज्यात अजून कोणाला माहीत नव्हता. जिन्यावर दोन चपराशी त्यांना बघून अजूनही अंगठा तोंडाकडे नेऊन हसायचे.

फाइल बंद झाल्याचा कागदही सुनीतीनंच टाइप केला. टाइप करून ती कागद मशीनमध्ये तसाच ठेवून बसली.

"भैया," ती म्हणाली, "वास नव्हता."

"काय?"

"दारूचा वास. त्या दिवशी तुम्ही माझा हात धरला तेव्हा इतके जवळ होते, आणि वास नव्हता. मले तेव्हाच कळलं होतं. पण मी म्हटलं, यांना झाकता येत असेल. ते बी लवंग खायचे." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मी ते साहेबांना नाही सांगितलं."

दिवाकररावांना राग यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली, पण आला नाही. "तुम्ही जे पाहिलं होतं तेच तुम्हाला दिसलं," ते म्हणाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या खाण्याच्या वेळा तिनं वाचल्या होत्या. त्या दिवसापासून अकरा वाजता टायपिंग थांबायचं. ती सांगायची नाही काही, फक्त थांबायची, आणि दिवाकरराव कागदाच्या पुडीतून दोन बिस्किटं काढायचे.

कार्ड मात्र अकरा दिवस तसंच राहिलं. भोपाळच्या शेजाऱ्यांचं नाव लिहिलं तर ते येणार कधी? घरमालकांना पायऱ्यांचा त्रास. मेसवाल्याला त्यांचं नावही माहीत नव्हतं. माणसाला चौपन्न वर्षं झाली आणि एका ओळीत लिहायला नाव नाही, याची त्यांना आजाराहून जास्त शरम वाटली. बाराव्या दिवशी त्यांनी कार्ड सुनीतीच्या मशीनशेजारी ठेवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"याच्यात एक नाव लागतं," ते म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर. नसेल जमत तर राहू द्या."

 मग मशीनमध्ये कार्ड चढल्याचा खर्रकन आवाज झाला. 'क' इथेही वर चढला. "माझ्या घरी फोन नाही," सुनीती टाइप करता करता म्हणाली. "शेजारच्या पीसीओचा नंबर टाकून राहिली. ते बोलावून देतात. आणि मले नीट सांगा, तुम्हाला काय झालं की काय करायचं. एक एक करून सांगा, मी लिहून घेते."

त्यांनी सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

सप्टेंबर संपता संपता एका रविवारी दुपारी खोलीत हात थरथरले. मेसला सुट्टी होती आणि खिचडी शिजायला वेळ लागला होता. मानेवर घाम आला, छाती धडधडली, आणि ती जुनी भीती तशीच्या तशी आली. दिवाकररावांना हसू फुटलं. आली! त्यांनी खिशातली साखर तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि घड्याळ समोर ठेवून बसले. पंधरा मिनिटांत हात थांबले. घाम वाळला. अंगातली भीती, जितकी अ‍ॅड्रेनलिनची होती तितकी, उतरून गेली. त्यांनी खिचडी खाल्ली.

आणि तरीही काहीतरी उरलं. ते थरथरत नव्हतं, धडधडत नव्हतं. खोलीत चार वाजेपर्यंतचा वेळ होता आणि त्यानंतर आठ वाजेपर्यंतचा. आठ महिने ते ज्याला एकटेपण समजत होते ते निघून गेलं होतं, आणि त्याच्या मागे हे शांत, मोठं एकटेपण बसलेलं होतं. याला साखर लागू पडणार नव्हती.

ते खाली उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बूथमध्ये शिरले. नंबर फिरवला. "जरा सुनीती मुळ्यांना बोलावता का?" बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. मग चपला फटफटत आल्या.

"हॅलो! काय झालं? साखर खाल्ली का? कुठे आहात?" तिला धाप लागली होती.

"नाही, नाही. झाली होती कमी. खाल्ली साखर. आता बरोबर आहे."

"मग?"

 बूथच्या धुळकट काचेवर कोणीतरी नखानं रेघा ओढल्या होत्या, दिवाकरराव त्या बघत राहिले. "मग काही नाही," ते म्हणाले.

 पलीकडे ती ओल्या हातानं आली असावी, रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला.

"मी भांडे घासून राहिली होती," ती म्हणाली. "पळत आली."

"माफ करा. ठेवतो मी."

"ठेवू नका," सुनीती म्हणाली. "आलीच आहे तर बोला."